आधी राखण, मग हक्क

प्रस्तावना

प्रत्येक गावात एक जमीन अशी असते, की जिच्या सातबाऱ्यावर गावातल्या कोणाचेच नाव नसते आणि जिच्यावाचून कोणाचेच चालत नाही. गुरे चरायला जातात ते गायरान, सरपण आणि कुडाच्या काड्या जिथून येतात ते झुडपी जंगल, पाणवठ्याकाठची मोकळी जागा, देवाच्या नावाने राखलेली राई, जत्रा भरते ते मैदान, स्मशानभूमी. सरकारदरबारी ही जमीन सरकारची. गावाच्या बोलण्यात ती गावाची. सरकार दूर असते आणि गाव गप्प असते, म्हणून ती हळूहळू दोघांच्याही हातून जाते. ज्याचे बळ मोठे त्याने आधी ती वापरायला लागावे, मग कुंपण घालावे, मग कागद करून घ्यावा, आणि बाकीच्यांनी ‘सरकारी जागा आहे, आपण कशाला बोला’ म्हणत मान फिरवावी, हा क्रम महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्यात पाहायला मिळतो.

हे पुस्तक या क्रमाच्या उलट चाललेल्या गावांविषयी आहे. त्यात कायदे आहेत, नकाशे आहेत, अर्जांचे नमुने आहेत आणि सरकारी कचेऱ्यांत वर्षानुवर्षे घातलेल्या खेपांची हकीकत आहे. एवढ्या तपशिलात शिरण्यापूर्वी विषयाची पार्श्वभूमी वाचकासमोर असावी, यासाठी ही प्रस्तावना. माझे सांगणे थोडक्यात असे, की सामूहिक जमिनीवरचा हक्क ज्या गावांना खऱ्या अर्थाने मिळाला, त्यांनी तो मिळण्याच्या कितीतरी आधी ती जमीन राखायला सुरुवात केलेली होती. कागद मागाहून आला. जिथे कागद आधी आला आणि राखणारे कोणी नव्हते, तिथे तो कपाटातच राहिला.

सामूहिक जमीन गावाच्या हातून गेली कशी, हे आधी पाहायला हवे. इंग्रजी अमलापूर्वी गावाभोवतालचे रान, कुरणे आणि डोंगर यांच्या वापराच्या रीती गावोगावी ठरलेल्या होत्या. कोणी किती गुरे सोडायची, कोणत्या महिन्यात कोणत्या बाजूला जायचे नाही, कोणते झाड तोडायचे नाही, हे सारे रूढीने बांधलेले असे. त्या रीती निर्दोष नव्हत्या. जातीची उतरंड तिथेही होती आणि राजाचा, जमीनदाराचा हिस्सा तिथेही होता. पण रोजच्या वापराचा निर्णय गावात होत असे. १८७८ च्या वन कायद्याने रानांची राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी केली आणि कालपर्यंत जी वहिवाट होती ती आज सवलत झाली, उद्या गुन्हा. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या नव्या जंगलखात्यावर कठोर टीका केली आहे. डोंगर, दऱ्या आणि गायराने खात्याच्या ताब्यात गेल्यामुळे लहान शेतकऱ्याचे गुराढोरांसह कसे हाल झाले, हे त्यांनी त्या काळातच ओळखले होते.

पुढे १९३० साली मिठाचा कायदा मोडायला समुद्र नसलेल्या भागांत, आणि काही ठिकाणी किनाऱ्यालगतही, लोकांनी जंगलाचा कायदा मोडला. पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून सत्याग्रह केला. बिळाशीला गाव उठला. कुलाबा जिल्ह्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार होऊन माणसे मेली. एक पेंढी गवत कापणे हा स्वातंत्र्याचा लढा होऊ शकतो, हे त्या पिढीला वेगळे समजावून सांगावे लागले नाही. स्वातंत्र्य आले, पण १९२७ चा भारतीय वन कायदा तसाच राहिला आणि खातेही त्याच चाकोरीत चालू राहिले.

पूर्व विदर्भाची कथा याहून थोडी निराळी आहे. जुन्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोलीत, मालगुजारी आणि जमीनदारी होती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ती संपली तेव्हा ही जंगले सरकारजमा झाली. मात्र घर बांधायला लाकूड, जळण, काटेरी कुंपण, गुरांना चराई, बांबू अशा घरगुती गरजा भागवण्याचा लोकांचा जुना रिवाज सरकारने मान्य केला. त्याला निस्तार म्हणतात. गावागावाचे निस्तार पत्रक तयार झाले. कोणत्या गावाने कोणत्या रानातून काय घ्यायचे, हे त्यात लिहिलेले असे. पत्रके दप्तरात गेली आणि बहुतेकांना त्यांचा विसर पडला. मेंढ्याच्या लोकांनी ती शोधून काढली.

मेंढा हे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातले शंभरेक घरांचे गोंड वस्तीचे गाव. मेंढा नावाची गावे आणखीही असल्याने आणि हे गाव लेखा ग्रामपंचायतीत मोडत आल्याने त्याला मेंढा (लेखा) म्हणतात. जवळून कठाणी नदी वाहते. गावाच्या शिवारात सुमारे १,८०० हेक्टर जंगल आहे. साग, मोह, तेंदू, ऐन, बिजा आणि त्यांच्या मधोमध बांबूची बेटे. शेती थोडी आणि पावसावरची. वर्षाचे कितीतरी महिने या गावाचे पोट जंगलावर चालते.

१९८० च्या दशकात गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपटनम असे दोन मोठे बांध घालायचे घाटत होते. हजारो हेक्टर जंगल आणि शेकडो आदिवासी गावे पाण्याखाली जाणार होती. लालश्याम शहा यांच्यासारखे आदिवासी नेते आणि बाबा आमटे यांच्या पुढाकाराने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. १९८४ मध्ये त्याने जोर धरला आणि हे प्रकल्प बाजूला ठेवावे लागले. त्या आंदोलनात मेंढ्याची माणसे होती. बांध टळला, मोर्चे संपले, माणसे घरी परतली. अशा वेळी बहुतेक गावांची चळवळ थांबते. मेंढ्यात तिचे पुढचे पाऊल पडले. बाहेरचे संकट आपण मिळून परतवू शकतो, तर गावातले प्रश्न मिळून का सोडवू नयेत, असा विचार सुरू झाला. देवाजी तोफा हे गावातले कार्यकर्ते आणि ‘वृक्षमित्र’ या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची या काळात जी साथ जमली, ती पुढे कित्येक वर्षे टिकली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच वाटचालीतली. तिच्यात सरकारला धुडकावणे नाही. जे काम गावाचे आहे ते गावाने अंगावर घ्यावे, एवढेच तिचे म्हणणे आहे.

सुरुवातीचा एक संघर्ष घोटुलावरून झाला. घोटुल म्हणजे गोंड समाजातल्या तरुण मुलामुलींचे एकत्र येण्याचे, शिकण्याचे, नाचगाण्याचे ठिकाण. मेंढ्याच्या लोकांनी आपल्या जंगलातले सागवान आणून ते नव्याने उभारले. वनखात्याच्या लेखी ते विनापरवाना तोडलेले लाकूड होते. खात्याने घोटुल पाडले आणि लाकूड जप्त केले. तेव्हा आसपासची गावे एकत्र आली, त्यांनी चर्चा केली, आणि एका गावाचे घोटुल पाडल्याचे उत्तर अनेक गावांत घोटुले उभारून दिले. खात्याला मागे सरावे लागले.

या यशानंतर गावाने स्वतःवर बंधने घातली, हे मेंढ्याचे वेगळेपण. घरगुती गरजेपुरते जंगलातून घ्यायचे, त्यासाठी कोणाला चिरीमिरी द्यायची नाही. पण ग्रामसभेला विचारल्यावाचून घ्यायचेही नाही. जंगलात नवे अतिक्रमण करायचे नाही. आग लावायची नाही. मोहासारखी फळझाडे तोडायची नाहीत. गावाबाहेरच्या कोणालाही, मग ते सरकारी खाते का असेना, गावाच्या संमतीवाचून या जंगलाचा उपयोग करू द्यायचा नाही. राखणीसाठी घरटी माणसे पाळीपाळीने फिरू लागली. कागद कारखान्याला दीर्घ मुदतीच्या करारावर या भागातला बांबू दिला जात असे. मेंढ्याने आपल्या शिवारातली ती तोड अडवली. यातल्या बहुतेक निर्णयांमागे तेव्हा कायद्याचे पाठबळ नव्हते. १९९० च्या दशकात गाव वनखात्याबरोबर संयुक्त वनव्यवस्थापनातही सामील झाले. ती योजना मुळात उजाड जमिनींवर झाडे वाढवण्यासाठी होती. उभे, चांगले जंगल असलेल्या गावाने त्यात जागा मागणे आणि ती मिळवणे ही नवी गोष्ट होती.

हे साध्य कशामुळे झाले, याचा विचार करताना सारखे ग्रामसभेपाशी यावे लागते. मेंढ्याची ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. हात वर करून मोजणी होत नाही. सर्वांचे एकमत होईपर्यंत बोलणे चालू राहते आणि एकाचाही विरोध असला तर निर्णय पुढे ढकलला जातो. शहरातल्या माणसाला हे वेळखाऊ वाटेल. पण जंगलात राखणीला कोण जाणार, हे लक्षात घेतले की या रीतीचे महत्त्व पटते. बहुमताने निर्णय केला तर हरलेली माणसे गावातच राहतात, त्याच जंगलात जातात, आणि रात्री कुऱ्हाड घेऊन निघालेल्या एका माणसाला थांबवायला पन्नास माणसांचे बहुमत उपयोगी पडत नाही. ज्याने स्वतः होकार दिला आहे तोच नियम पाळतो आणि दुसऱ्याला पाळायला लावतो. दारूचा प्रश्न असाच लांबला होता. देवाच्या विधीला मोहाची दारू लागते, हा आक्षेप खरा होता. तो दडपून न टाकता चर्चा चालू राहिली, बायकांचे म्हणणे सभेत आले, आणि शेवटी विधीपुरती मोकळीक ठेवून बाकी बंद, असा सर्वांना पटणारा तोडगा निघाला.

सभेच्या जोडीला अभ्यासगट आहे. जे समजत नाही त्याचा अभ्यास करायला माणसे स्वतःहून बसतात. त्यात बाहेरचे जाणकारही येतात. कायदा, मधमाश्या, जमिनीच्या नोंदी, मजुरीचे दर, असा कोणताही विषय घेतला जातो. अभ्यासगटाने निर्णय घ्यायचा नाही आणि सभेने अभ्यासावाचून निर्णय घ्यायचा नाही, अशी ही वाटणी. बाहेरच्या माणसाचे ज्ञान गावाला हवे असते, त्याची सत्ता नको असते. इतक्या साध्या व्यवस्थेने हा पेच सोडवलेला मी अन्यत्र पाहिलेला नाही. मेंढ्याची संपूर्ण हकीकत ज्यांना वाचायची असेल त्यांच्यासाठी मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ मराठीत आहे.

कायदा यानंतर आला. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मान्यता देऊन गेला. डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा संमत केला आणि २००८ च्या पहिल्या दिवशी त्याचे नियम प्रसिद्ध झाले. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, असे या कायद्याच्या प्रास्ताविकातच मान्य केलेले आहे. कसत असलेल्या वनजमिनीचा वैयक्तिक हक्क त्यात आहे, आणि त्याची चर्चा पुष्कळ होते. पण कलम ३(१) मधले एक पोटकलम त्याहून दूरगामी आहे. गाव परंपरेने जे जंगल राखत आले त्याचे रक्षण, पुनरुज्जीवन, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ते ग्रामसभेला देते. याला सामूहिक वनसंपत्तीचा हक्क म्हणतात. बांबू हे गौण वनोपज आहे, असेही या कायद्याच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलेले आहे.

मेंढ्याने दावा केला तेव्हा पुरावा नव्याने गोळा करावा लागला नाही. निस्तार पत्रक होते, सभेची इतिवृत्ते होती, राखणीच्या नोंदी होत्या, सीमा ठाऊक असलेली म्हातारी माणसे होती. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळालेली गावे म्हणून मेंढा आणि गडचिरोलीतलेच मर्दा यांची नावे घेतली जातात.

हक्काचा कागद हाती आला तरी बांबू विकता येईना. जंगलातून निघालेला माल रस्त्यावर आला की वाहतूक परवाना लागतो. कोणता माल, किती नग, कुठून कुठे, कोणत्या गाडीतून, हे लिहिलेला तो कागद नाक्यावर दाखवला नाही तर गाडी अडते. परवान्याचे पुस्तक वनखात्याच्या हाती होते आणि १९२७ च्या कायद्याप्रमाणे बांबू हे झाड आहे, असे खात्याचे म्हणणे होते. म्हणजे बांबू गावाचा, पण तो गावाबाहेर नेण्याची परवानगी खात्याची. ही अडवणूक दीड वर्षाच्या आसपास चालली. मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज मानावा असे कळवले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढ्याला आले. त्या दिवशी परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. पुढच्या हंगामात ग्रामसभेने बांबू विकून कोटी रुपयांच्या घरात उत्पन्न मिळवले. सभेचे बँकेत खाते आहे, पॅन कार्ड आहे, हिशेब सर्वांसमोर मांडला जातो.

या पैशाच्या आकड्याने अनेकांचे डोळे दिपले. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती बांबू तोडण्याची पद्धत. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू बेटाने वाढतो. पावसाळा लागला की बेटाच्या कडेने नवे कोंब वर येतात, त्यांना तिकडे वास्ते म्हणतात. एक-दोन वर्षांची काठी कोवळी असते. तिला राखायचे असते, कारण पुढच्या कोंबांचे पोषण तिच्यावर अवलंबून असते. तीन वर्षांवरची काठी तोडायला योग्य. ती जमिनीपासून थोडी वर, पेराला लागून तोडायची, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. आता अडचण अशी, की नवी काठी बेटाच्या कडेला असते आणि जुनी मध्ये, दाटीत. कडेची काठी दोन घावांत हाती येते. मधली काढायला काटे बाजूला सारावे लागतात, आडव्या काठ्या मोकळ्या कराव्या लागतात. ठेकेदाराच्या मजुराला नगावर पैसे मिळतात आणि पुढच्या वर्षी तो या बेटापाशी येईलच असे नसते. त्याचा हात कडेच्या काठीकडे जातो. बेटाचा जीव मात्र त्या कडेलाच असतो. काही हंगामांत बेट आतल्या आत गुदमरते. गावच्या माणसाला आणि त्याच्या मुलांना त्याच बेटापाशी पुन्हा यायचे असते, म्हणून तो वेळ घालवतो आणि मधली काठी काढतो. मालकी कोणाची यावरून कुऱ्हाड कुठे पडते ते ठरते. सामूहिक हक्काचा सगळा युक्तिवाद मला त्या एका बेटात दिसतो.

याच्या विरुद्धचा युक्तिवादही प्रसिद्ध आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवे. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. सर्वांसाठी खुले असलेल्या कुरणात प्रत्येक गुराखी एक-एक जनावर वाढवत जातो, कारण फायदा त्याचा आणि तोटा सर्वांचा. अखेर कुरण उजाड होते, असा त्याचा आशय. ‘सर्वांचे ते कोणाचेच नाही’ असे आपण म्हणतो, तेच त्याने सिद्धांत म्हणून मांडले. त्यावरून जगभरच्या सरकारांनी असा निष्कर्ष काढला, की सामूहिक जमीन एकतर सरकारने ताब्यात घ्यावी किंवा खासगी करावी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी उलट काम केले. त्यांनी स्वित्झर्लंडची कुरणे, जपानमधली गावराने, स्पेनमधले पाटपाणी आणि फिलिपिन्समधल्या पाणीवाटप संस्था यांचा अभ्यास करून दाखवले, की लोकांनी शतकानुशतके सामूहिक साधने नीट सांभाळलेली आहेत. त्यासाठी काही गोष्टी लागतात. सीमा स्पष्ट हवी. नियम त्या जागेला साजेसे आणि वापरणाऱ्यांनीच केलेले हवेत. राखण वापरणाऱ्यांपैकीच कोणी तरी करायला हवी. चूक करणाऱ्याला पहिल्यांदा हलकी आणि पुन्हा केल्यास कडक शिक्षा हवी. भांडण मिटवायला जवळची जागा हवी. आणि वरच्या सत्तेने या व्यवस्थेला मान्यता द्यायला हवी. हार्डिननेही पुढे कबूल केले, की त्याचे म्हणणे व्यवस्थापन नसलेल्या सामूहिक साधनांना लागू होते. ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल २००९ मध्ये मिळाले, मेंढ्याला हक्क मिळाला त्याच वर्षी. त्यांची यादी आणि मेंढ्याच्या सभेचे ठराव शेजारी ठेवून वाचले, तर एकानेच दोन्ही लिहिले असावे असे वाटते. गावाने ऑस्ट्रॉम वाचलेल्या नव्हत्या. दोघांनीही एकच गोष्ट वेगवेगळ्या वाटेने पाहिली होती.

मेंढा एकटा राहिला नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या उत्पन्नावर गाव उभे राहिले, स्थलांतर थांबले. पण तेंदूपत्ता तोडणे त्यांनी बंद केले. तेंदूला भरपूर कोवळी पाने फुटावीत म्हणून फांद्या छाटतात, आगी लावतात, आणि त्यात जंगलाचे नुकसान होते, हे त्यांनी पाहिले होते. हाती येणारे पैसे गावाने आपणहून सोडले. जंगलाचा काही भाग देवराई म्हणून वेगळा राखला. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या गावाविषयी आस्थेने लिहिले आहे. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांवर सोपवला, तेव्हा डोंगरिया कोंध आणि इतरांच्या १२ पाड्यांच्या सभा भरल्या आणि बाराही सभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. गडचिरोलीत आज शेकडो ग्रामसभांकडे सामूहिक हक्क आहेत. अर्थात सगळीकडे मेंढा झाले नाही. काही ठिकाणी ठेकेदाराने तेंदूचे पैसे थकवले, काही ठिकाणी चार जाणत्या माणसांनी सभेच्या नावाने कारभार केला, काही ठिकाणी हक्काचा कागद संस्थेने मिळवून दिला आणि संस्था गेल्यावर सभा भरेनाशी झाली. फरक कुठे पडला हे शोधू गेले, की कागदाच्या आधी गावात किती बसणे-उठणे झाले होते, हाच प्रश्न समोर येतो.

वनहक्क कायदा लागू नसलेल्या गावांनी यातून काय घ्यायचे? मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश इथल्या अशा गावांत प्रश्न गायरानाचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खाली ही जमीन गुरचराईसाठी राखून ठेवलेली असते. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामूहिक जमिनी लाटल्या गेल्याबद्दल चिंता व्यक्त केली आणि अतिक्रमणे काढून त्या गावाला परत करण्याच्या योजना आखाव्यात, असे सर्व राज्यांना सांगितले. महाराष्ट्र शासनानेही त्याच वर्षी त्यानुसार निर्णय काढला.

इथे अतिशय सावधपणे पाऊल टाकले पाहिजे. महाराष्ट्रात गायरान कसणारे सगळेच धनदांडगे नाहीत. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांची मागणीच अशी होती, की पडीक सरकारी जमीन ज्याच्याकडे काहीच नाही त्याला कसायला द्यावी. मराठवाड्यात हजारो दलित आणि भटक्या कुटुंबांनी गायरानाचा दगड-धोंडा वेचून तिथे बाजरी-ज्वारी पिकवली, आणि त्यासाठी मारही खाल्ला. ‘गायरान वाचवा’ म्हणत गावातला सवर्ण शेतकरी जेव्हा या माणसाला हुसकवायला निघतो आणि त्याच गायरानावरच्या पुढाऱ्याच्या शाळेकडे, खडीच्या खाणीकडे डोळेझाक करतो, तेव्हा सामूहिक जमिनीचे नाव घेऊन जुनाच अन्याय चालू राहतो. सर्वोच्च न्यायालयाने त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने पट्ट्याने दिलेल्या जमिनींचा अपवाद केला आहे, तो सोयीस्करपणे विसरला जातो. गाव म्हणजे कोण, हा प्रश्न सुटल्याखेरीज गावाची जमीन सुटत नाही. वस्तीच्या टोकाला राहणारे घर सभेत बसणार नसेल, बोलणार नसेल, तर त्या सभेला गावाच्या नावाने जमीन मागण्याचा अधिकार नाही. मेंढ्याच्या सर्वसहमतीचे मोल इथे कळते. ज्याच्या हाती सर्वांत कमी आहे त्याचा नकार तिथे निर्णय थांबवू शकतो.

या पुस्तकाच्या वाचकाने आपल्या गावापासून सुरुवात करायची म्हटली, तर पहिली पायरी अगदी साधी आहे. तलाठ्याकडे गावाचे दप्तर असते. गाव नमुना एक-अ मध्ये वनजमिनींची नोंद असते, एक-ब मध्ये सरकारी जमिनींची, आणि एक-ई ही अतिक्रमणांची नोंदवही. गायरानाचा गट क्रमांक घेऊन त्याचा सातबारा आणि भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा नकाशा काढता येतो. मग गावातली तीन-चार जाणती माणसे बरोबर घेऊन त्या जमिनीची शीव पायी फिरावी. बांध कुठे सरकला, दगड कुठे हलला, पाण्याची वाट कोणी वळवली, कुठल्या बाजूला चारा अजून टिकून आहे, हे त्या फेरीत कळते. त्या फेरीत गुराखी हवा, सरपण आणणाऱ्या बायका हव्यात, कारण ती जमीन रोज पाहणारे तेच. दिसलेले लिहून काढावे आणि ग्रामसभेत वाचावे. दावा, तक्रार, न्यायालय हे सगळे पुढचे. वनहक्क कायदा लागू असलेल्या गावांत वनहक्क समितीला दावा तयार करताना हेच करावे लागते; तिथे म्हाताऱ्या माणसांचे जबाबसुद्धा कायद्याने पुरावा मानले आहेत.

राखण करणे हे कंटाळवाणे काम आहे, हेही सांगितले पाहिजे. मोर्चाला माणसे जमतात. पाळीच्या राखणीला रात्री कोणाला उठवायचे म्हटले की नको वाटते. पहिल्या वर्षी उत्साह असतो, तिसऱ्या वर्षी सभेला निम्मी माणसे येतात. वयात आलेली मुले शहराकडे पाहू लागतात. बांबू काही दशकांनी एकदा फुलतो आणि फुलल्यावर बेटच्या बेटे वाळून जातात. त्यानंतर काही वर्षे उत्पन्न नसते. अशा दिवसांत गावाने सभा चालू ठेवली तर जंगल पुन्हा उभे राहते. सभा मोडली, तर सुकलेल्या जागेवर कोणाची तरी नजर पडतेच. पुढच्या प्रकरणांत यशाइतकीच या थकव्याची आणि माघारीची वर्णने आहेत. ती टाळून पुढे जाऊ नये, अशी वाचकांना विनंती आहे. कारण आपले गाव यापैकी कोणत्या टप्प्यावर आहे, हे तिथेच कळेल.

सामूहिक जमीन हा केवळ पर्यावरणाचा प्रश्न नाही आणि केवळ आदिवासींचाही नाही. ज्याच्याकडे स्वतःची जमीन नाही त्याची शेळी या जमिनीवर जगते. ज्याची विहीर आटली त्याचे पाणी या जमिनीखालून येते. शहरात टेकडी, तळे आणि मैदान राखू पाहणाऱ्या नागरिकांनाही हेच प्रश्न सोडवावे लागतात: सीमा कोणती, राखणार कोण, आणि ज्यांना तिथे मान नाही त्यांना सभेत जागा आहे का. सरकार बदलते, कायदा दुरुस्त होतो, अधिकाऱ्याची बदली होते. गाव जर दर महिन्याला बसत असेल, हिशेब मांडत असेल आणि शिवेवर फिरत असेल, तर यातल्या कोणत्याही बदलाने त्याची जमीन सहजासहजी जात नाही. मेंढ्याने दोन दशके कागदावाचून जंगल राखले, म्हणून कागद आला तेव्हा तो धरायला हात तयार होते. आपल्या गावाची पुढची ग्रामसभा कोणत्या तारखेला आहे, हे पाहून ठेवावे, आणि गायरानाचा गट क्रमांक बरोबर घेऊन तिथे जावे.